हळद : आहार, औषध आणि सौंदर्य
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक सभेच्या निमित्ताने आरोग्याचा एखादा विषय आपणांसमोर मांडावा, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदाचा विषय शोधण्यासाठी आम्हांला फार लांब जावे लागले नाही. माघ-फाल्गुनात वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या कोणत्याही रस्त्याने जावे, तर शेताच्या कडेला हळद शिजत असते आणि तिचा तो उग्र, मातकट, तरीही हवाहवासा वास अंगावर येतो. बाह्यरुग्ण विभागात त्या दिवसांत येणाऱ्या मजूर भगिनींचे तळहात आम्ही न विचारताच ओळखतो. पिवळेपणा आठ-आठ दिवस उतरत नाही.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. नवा जिल्हा, लहान जिल्हा, उद्योग फारसे नाहीत. पण हळदीने या जिल्ह्याला नाव दिले. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतच्या बाजारात हंगामात वाहनांच्या रांगा लागतात. २०२४ साली ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला राज्य शासनाचे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आकाराला येत आहे. आपल्या रुग्णालयाला मिळणाऱ्या देणग्यांतील मोठा वाटा हळदीच्या शेतातून, अडतीतून आणि गिरणीतून येतो, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. म्हणूनच या विषयावर बोलताना थोडा संकोच होता. ज्या पिकाच्या पैशाने खाटा आल्या, त्या पिकाची केवळ स्तुती करून खाली बसणे सोपे होते. परंतु देणगीदारांनी आमच्याकडून स्तुतीची अपेक्षा कधी केलेली नाही, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम हळद म्हणजे काय, ते पाहू. आपण जिला मूळ म्हणतो, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मूळ नसून जमिनीखाली वाढणारे खोड, म्हणजे कंद होय. मृगाच्या आसपास लागवड, आठ-नऊ महिन्यांनी काढणी. मधला मातृकंद म्हणजे गड्डा आणि त्याला फुटलेली बोटे म्हणजे हळकुंडे. ती शिजवायची, उन्हात वाळवायची आणि ढोलात घालून पॉलिश करायची. ओल्या हळदीचे वाळून साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वजन उरते. तिचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, ते कर्क्युमिन युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ साली प्रथम वेगळे केले. वाळलेल्या हळदीत त्याचे प्रमाण साधारणतः शेकडा दोन ते पाच इतकेच असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील पुष्कळ घोटाळे याच आकड्याच्या विसरातून निर्माण झाले आहेत.

हे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. आपल्या आयांनी हळद फोडणीत घातली, दुधात घातली, ती निव्वळ चवीसाठी असे कोणी म्हणू नये. साबण लावला की हळदीचा डाग लाल होतो आणि तोच कपडा उन्हात टाकला की डाग फिकट होत जातो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. क्षाराने तिचा रंग पालटतो. हळदीला चुन्याचा संस्कार देऊन कुंकू करण्याची जुनी रीत त्यावरच आधारलेली. प्रकाशाने ते द्रव्य मोडते. म्हणून हळदीची पूड पारदर्शक बरणीत खिडकीपाशी ठेवू नये. इतके शास्त्र आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

आता औषधी गुणांकडे वळतो. आयुर्वेदात हरिद्रेला निशा, रजनी, कांचनी, वरवर्णिनी अशी अनेक नावे आहेत आणि त्वचारोग, प्रमेह, व्रण यांत तिचा उपयोग सांगितला आहे. आधुनिक वैद्यकानेही तिच्याकडे पाठ फिरवलेली नाही. कर्क्युमिनवर जगभर हजारो शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांपैकी बहुसंख्य प्रयोग परीक्षानळीतील पेशींवर किंवा उंदरांवर आहेत. माणसांवर झालेल्या चाचण्यांत त्यामानाने पुष्कळ कमी गोष्टी टिकल्या. त्यांतील दोन आम्हांला विशेष भरवशाच्या वाटतात. थायलंडमध्ये गुडघ्याच्या झिजेचे ३६७ रुग्ण घेऊन हळदीचा अर्क आणि आयबुप्रोफेन यांची तुलना झाली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांत वेदना कमी करण्यात अर्क त्या गोळीच्या तोडीचा ठरला आणि पोटाचा त्रास कमी आढळला. त्याच देशात अपचनाच्या २०६ रुग्णांवर कर्क्युमिन आणि ओमेप्रॅझोल यांची तुलना करण्यात आली. २०२३ साली आलेला तिचा निष्कर्षही साधारण तसाच, दोन्हींचा गुण सारखा.

ही काही लहान गोष्ट नव्हे. पण या दोन्ही चाचण्यांत जे दिले, ते मोजून भरलेले अर्क होते. भाजीतील चिमूट नव्हती. आपल्या जेवणातून दिवसाकाठी सरासरी दोन-अडीच ग्रॅम हळद पोटात जाते, असे धरले तर त्यात कर्क्युमिन साठ ते शंभर मिलिग्रॅमच्या घरात येते. त्यातलेही बहुतेक आतड्यांतून रक्तात शिरत नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की, निरोगी माणसाने दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन घेतले तरी रक्तात त्याचा मागमूस कसाबसा लागतो. मात्र सोबत मिऱ्यातील पायपरिन हे द्रव्य वीस मिलिग्रॅम दिले, तर ते प्रमाण वीस पटींनी वाढते. हा प्रयोग फार गाजला. आज दुकानात मिळणाऱ्या हळदीच्या बहुतेक कॅप्सूलवर ‘काळ्या मिरीसह’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, त्याचे मूळ तेथे आहे. आमच्या आजच्या बोलण्याचे एक कारणही तेथेच आहे.

२०२० साली कोरोनाची साथ आली. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने रोगप्रतिकारासाठी दिलेल्या सूचनांत हळदीच्या दुधाचा समावेश होता. पेलाभर दूध, अर्धा चमचा हळद. त्यात वावगे काहीच नव्हते. परंतु पेल्यावरून गोष्ट कॅप्सूलवर गेली. साथ ओसरली तरी कॅप्सूल घरात राहिल्या. गुडघ्यासाठी आजोबा घेतात, साखरेसाठी काका घेतात, चेहऱ्यासाठी सून घेते, आणि रुग्ण दाखल होताना ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले, तर त्यांचा उल्लेख कोणीही करत नाही. कारण हळद हे औषध आहे, असे घरात कोणाला वाटतच नाही. आमच्या एका शल्यचिकित्सकांनी आता प्रश्नाची भाषाच बदलली आहे. ते विचारतात, “हळदीची गोळी कोण कोण घेतं घरात?” मग उत्तरे येतात.

हे विचारणे का आवश्यक आहे? इटलीमध्ये २०१९ च्या सुमारास हळदीच्या अर्काची उत्पादने घेणाऱ्या अनेकांना यकृतदाह झाल्याचे आढळले. तेथील आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली या उत्पादनांवर इशारा छापणे बंधनकारक केले. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी त्याच वर्षी दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील एकाचा मृत्यू झाला होता. या दहांपैकी सात जणांमध्ये एक विशिष्ट आनुवंशिक घटक होता. म्हणजे हा धोका सर्वांना नाही, थोड्यांनाच आहे. पण आपण त्या थोड्यांत आहोत की नाही, हे गोळी घेण्यापूर्वी कोणालाच ठाऊक नसते. मिऱ्याच्या साहाय्याने जे कर्क्युमिन रक्तात वीस पट शिरते, ते यकृतालाच निस्तरावे लागते. आपली आतडी ते बाहेर ठेवत होती, त्यात शरीराचे काही शहाणपण असावे, अशी शंका आम्हांला येते.

तेव्हा स्पष्ट सांगतो. वरणा-भाजीतील हळद, ओल्या हळदीचे लोणचे, हळदीचे दूध हे सर्वांनी निश्चिंत मनाने घ्यावे. गरोदर भगिनींनीही घ्यावे. कावीळ झालेल्या माणसाच्या ताटातून पिवळे म्हणून हळद काढून टाकतात, त्यालाही काही आधार नाही. काविळीचा पिवळेपणा आणि हळदीचा पिवळेपणा यांचा एकमेकांशी संबंध नाही. मात्र अर्काच्या गोळ्या गरोदरपणी घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये. शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे त्या बंद असाव्यात. मधुमेहाची गोळी सोडून हळदीवर राहणे हा तर आत्मघात होय. अशी माणसे आमच्याकडे येतात. त्यांना रागावून उपयोग नसतो, कारण त्यांना ते कोणीतरी प्रेमानेच सांगितलेले असते.

जखमेचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल की १९९५ साली अमेरिकेत जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आले होते. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिले. संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतील बत्तीस संदर्भ मांडले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करवून घेतले. मराठी माणसाने मिळवून दिलेल्या त्या विजयाचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु त्या निकालाने सिद्ध काय झाले? हळदीचा हा उपयोग नवा नाही, तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, एवढेच. प्रत्येक जखम हळदीने बरी होते, असा निकाल कोणत्याही कार्यालयाने दिलेला नाही. हा फरक भाषणांतून बहुधा गळून जातो.

विळी लागली, खरचटले, तर स्वच्छ धुऊन हळद लावल्याने फारसे बिघडत नाही. पण घरातील हळद निर्जंतुक नसते. ती शेतात शिजवलेली, उघड्यावर ताडपत्रीवर दहा-पंधरा दिवस वाळवलेली, गिरणीत दळलेली असते. मातीतील काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. खोल जखमेत, काटा रुतलेल्या पायात, भाजलेल्या कातडीवर ती पूड दाबली, तर आपण जंतूंना घर बांधून देतो. शिवाय पिवळ्या थराखाली लाली दिसत नाही, पू दिसत नाही, काळवंडलेली कड दिसत नाही. मधुमेही माणसाच्या पायाला संवेदना नसते. त्याला दुखत नाही आणि आम्हांला दिसत नाही. एका वयोवृद्ध शेतकऱ्याचा पाय आम्ही धूत होतो. हळदीचे तीन थर निघाले. तिसऱ्या थराखाली हाड होते. पाय वाचला नाही. त्यांच्या मुलाने दहा दिवस रोज स्वतःच्या हाताने लेप बदलला होता, घरच्या शेतातील उत्तमात उत्तम हळदीचा. त्या मुलाने हे सांगण्याची परवानगी दिली आहे, नावाशिवाय. तो आज या सभेत बसलेला आहे.

नवजात बालकाच्या नाळेवरही हळद लावू नये. नाळ कोरडी आणि उघडी ठेवावी, ती आपोआप गळते. मुक्या मारावर आंबेहळदीचा लेप देतात, त्याला आमची हरकत नाही. ती या हळदीहून वेगळी वनस्पती आहे आणि तेथे कातडी फाटलेली नसते.

सौंदर्याविषयी दोन शब्द बोलतो, कारण या विषयावर आमच्या परिचारिका भगिनींनी सर्वांत जास्त प्रश्न काढून दिले होते. लग्नाआधी नवरा-नवरीला हळद लावतात, हळदी-कुंकवाला बोट टेकवतात, खंडोबाचा भंडारा कपाळी लावतात. तो संस्कार आहे, आणि संस्काराला वैद्यकीय प्रमाणपत्राची गरज नसते. डाळीचे पीठ, साय आणि चिमूटभर हळद यांच्या उटण्याने मळ निघतो, त्वचा मऊ होते. मुरुमे, सोरायसिस यांवर हळदीच्या मलमांच्या काही लहान चाचण्या झाल्या आहेत, त्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत. त्याहून अधिक बोलणे घाईचे ठरेल. हळदीने रंग गोरा होत नाही. एक-दोन दिवस पिवळसर झाक राहते, तिलाच आपण तेज म्हणतो. क्वचित कोणाला तिची पुरळही उठते, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी प्रथमच चेहऱ्यावर थर देण्यापेक्षा आठवडाभर आधी कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावे.

मात्र ‘चेहरा निस्तेज झाला, हळदीचे काय लावू?’ असे विचारत ज्या मुली येतात, त्यांच्या पापणीचा आतील भाग आम्ही आधी पाहतो. तो बहुधा पांढुरका असतो. त्या मुलीला लेपाची नव्हे, लोहाची गरज असते. अशा मुलीने रूपासाठी कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रा घेतल्या, तर उलट परिणाम संभवतो, कारण ते द्रव्य लोहाला धरून ठेवते. हळद खणणाऱ्या, हळकुंडे मोडणाऱ्या, वाळवणारी ताडपत्री ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये आम्हांला हे पांढुरके डोळे सर्वाधिक दिसतात. जगाचे रूप उजळवणारे पीक ज्यांच्या हातून जाते, त्यांची ही स्थिती. त्याच हंगामात काहिलीचे आणि कुकरचे उकळते पाणी अंगावर पडून भाजलेले मजूर येतात. भाजल्यावर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे आणि स्वच्छ कापडात गुंडाळून घेऊन यावे. हळद, शाई, दंतमंजन काहीही लावू नये. पॉलिशच्या ढोलापाशी काम करणाऱ्यांनी नाका-तोंडावर रुमाल तरी बांधावा. मालकांनी चांगले मास्क दिले, तर ती आमच्या दृष्टीने रुग्णालयाला दिलेली देणगीच होय.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे, आणि तो पॉलिशचाच आहे. गिऱ्हाइकाला गडद पिवळे, चकचकीत हळकुंड हवे असते. फिकट मालाला भाव पडतो. बांगलादेशात १९८० च्या दशकापासून पॉलिश करताना शिसे असलेला एक पिवळा रंग, लेड क्रोमेट, हळदीत मिसळला जाऊ लागला. पुरात भिजून काळवंडलेला माल उजळ दिसावा, एवढ्यासाठी. २०१९ साली संशोधकांनी हे उघडकीस आणले, तेव्हा तेथील बाजारातील जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसे होते. शासनाने छापे घातले, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. म्हणजे मनात आणले तर हे थांबते. आपल्या देशातही पाटणा, गुवाहाटी यांसारख्या काही शहरांतील नमुन्यांत शिशाचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट आढळल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे दहा मिलिग्रॅम आहे, आणि हळदीत बाहेरून कोणताही रंग घालण्यास बंदी आहे. शिसे लहान मुलाच्या मेंदूत शिरते आणि त्याची बुद्धी कायमची कमी करते. ते नुकसान कोणत्याही रुग्णालयाला भरून काढता येत नाही.

आमच्या जिल्ह्यातील मालाविषयी आम्ही कोणताही आरोप करीत नाही. आम्हांला इतकेच म्हणायचे आहे की, भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीला रंगाची गरज नाही, आणि ती गरज निर्माण करणारे आपण गिऱ्हाईकच आहोत. घरी पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळे राहते. गडद पिवळे झाले तर संशय घ्यावा. अख्खे हळकुंड पाण्यात टाकताच भराभर रंग सुटू लागला, तरी संशय घ्यावा. खात्री हवी असल्यास प्रयोगशाळेला पर्याय नाही.

दरवर्षी हंगामानंतर काही शेतकरी आणि अडतदार बंधू रुग्णालयाच्या स्वयंपाकघरासाठी हळद पाठवतात. ती रुग्णांच्या आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांच्या वरणात पडते. विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही यंदापासून एक विनंती करीत आहोत. दळलेली पूड पाठवू नये. पॉलिश न केलेली, ओबडधोबड, फिकट दिसली तरी चालतील, अशी हळकुंडे पाठवावीत. ती आम्ही येथेच निवडून दळून घेऊ आणि प्रत्येक पोत्यातील नमुना तपासणीसाठी पाठवू. तपासणीचा अहवाल स्वयंपाकघराच्या दारावर लावला जाईल, देणाऱ्याच्या नावाशिवाय. पहिली दोन पोती गेल्या आठवड्यात आली. ती ज्यांनी पाठवली, त्यांतील एक जण तो मुलगा आहे.